नत्राचा निरोप

रसायनशास्त्राच्या इतिहासात काही शोध असे आहेत की, त्यांच्या मुळाशी असलेले बल संहारालाही कारण होते आणि निर्मितीलाही. जर्मन शास्त्रज्ञ टेओडोर कुर्त्सिउस यांच्या नावाने ओळखली जाणारी पुनर्रचना ही त्यांपैकीच एक होय.

कुर्त्सिउस यांचा जन्म १८५७ साली झाला. नत्राची संयुगे हाच त्यांच्या आयुष्याचा ध्यास होता. १८८७ मध्ये त्यांनी हायड्राझीन हाती आणले आणि १८९० मध्ये त्याच्याच आधारे हायड्राझोइक आम्ल. या आम्लात नत्राचे तीन अणू एका साखळीत गुंफलेले असतात. ही साखळी मोठी अस्वस्थ; तिच्यातील दोन अणू नत्रवायूच्या रूपाने निसटून जाण्यास सदैव उत्सुक असतात. त्यामुळे हे आम्ल विषारी तर आहेच, शिवाय भयंकर स्फोटकही आहे. त्याच्यापासून होणाऱ्या शिशाच्या ॲझाइडने पुढे दारूगोळ्याला चेतवणाऱ्या टोप्यांत स्थान मिळविले.

परंतु हीच साखळी सेंद्रिय आम्लाच्या रेणूला जोडली, म्हणजे ॲसिल ॲझाइड तयार केले आणि ते बेताने तापविले, तर वेगळेच घडते. दोन नत्र वायुरूपाने निघून जातात. तिसरा मागे राहतो. त्याच वेळी शेजारच्या कार्बनला चिकटलेला अणुसमूह आपली जागा सोडून या उरलेल्या नत्रावर जाऊन बसतो आणि आयसोसायनेट जन्मास येते. त्यावर पाण्याची क्रिया झाली की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो व अमाइन उरते. मूळ आम्लापेक्षा त्यात एक कार्बन कमी असतो.

असे स्थलांतर अगदीच अपूर्व नव्हते. लोसेन यांनी १८७२ मध्ये आणि हॉफमन यांनी १८८१ मध्ये त्याच जातीच्या क्रिया दाखविल्या होत्या. मात्र हॉफमन यांच्या रीतीत ब्रोमीन व तीव्र अल्क लागे; ॲझाइडाला केवळ सौम्य उष्णता पुरे. नाजूक रेणूंच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा ठरला.

तथापि एक प्रश्न शिल्लक होता. जागा बदलणारा अणुसमूह वाटेत क्षणभर तरी मोकळा होतो काय? स्टिग्लिट्झ यांनी १८९६ मध्ये असे सुचविले होते की, आधी नत्रवायू जातो, अतृप्त नत्र उरतो आणि मग स्थलांतर घडते. १९२६ मध्ये जोन्स आणि वॉलिस यांनी डाव्या-उजव्या हातांप्रमाणे परस्परांची प्रतिबिंबे असणाऱ्या रेणूंपैकी एकच प्रकार घेऊन हा प्रश्न पारखला. समूह मोकळा झाला असता, तर त्याचे हे वैशिष्ट्य टिकण्याची शाश्वती नव्हती; पण ते कायम राहिले. जुना हात सुटण्यापूर्वीच नवा हात धरलेला असतो, असाच याचा अर्थ. उष्णतेने होणाऱ्या या क्रियेत नत्राचे जाणे आणि समूहाचे सरकणे एकाच वेळी घडते, असे आज मानले जाते.

स्फोटाचे भय मात्र दीर्घकाळ या रीतीची सोबत करीत राहिले. कुर्त्सिउस १९२८ मध्ये निवर्तले. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, १९७२ मध्ये, शिओइरी, निनोमिया आणि यामादा या जपानी संशोधकांनी डायफेनिल फॉस्फोरिल ॲझाइड उपयोगात आणले. त्यायोगे धोक्याचे ॲसिल ॲझाइड वेगळे न काढता आम्लापासून त्याच भांड्यात पुढील पदार्थ मिळू लागले. औषधी रेणूंच्या निर्मितीत ही रीत आजही वापरली जाते. नत्राची निसटण्याची ओढ तीच आहे. तिला वाट कोणती द्यावी, एवढेच माणूस शिकला.