आढेवेढे घेणाऱ्या नायकाची कुळकथा

१९०८ च्या सप्टेंबरमध्ये ‘आसाही शिंबुन’ या दैनिकात नात्सुमे सोसेकींची ‘सानशिरो’ ही कादंबरी क्रमशः छापून यायला लागली. खेड्याकडचा तेवीस वर्षांचा मुलगा टोकियोच्या विद्यापीठात शिकायला आगगाडीनं निघालाय. गाडीत एका बाईशी ओळख होते. नागोयाला रात्रीचा मुक्काम पडतो. एकटीला भीती वाटते म्हणून बाई त्याची सोबत मागते. लॉजवाले दोघांना जोडपं समजतात आणि एकच खोली, एकच अंथरूण देतात. सानशिरो चादरीची गुंडाळी करून अंथरुणाच्या मधोमध बांध घालतो आणि रात्रभर आपल्या बाजूला काठीसारखा पडून राहतो. सकाळी स्टेशनवर निरोप घेताना बाई हसून एवढंच सुनावते, की तुमच्यात काही धमक नाही. सानशिरोला भर फलाटावर कुणी ढकलून दिल्यासारखं होतं.

मी पुण्यात जपानी शिकवते. जुलै आणि डिसेंबरच्या परीक्षांसाठी येणाऱ्या मुलांमध्ये अॅनिमे पाहून आलेली बरीच असतात. क्योन, ओरेकी, हाचिमान ही नावं त्यांच्या तोंडी चुलतभावांसारखी असतात. शाळेत शिकणारा, कशातच न पडणारा, मुलगी समोर आली की खिडकीबाहेर बघणारा हा नायक त्यांना अगदी आजचा वाटतो. मी त्यांना नागोयाच्या त्या लॉजवर नेते, कारण त्याची कुळकथा तिथून सुरू होते. आणि एक गोष्ट आधीच बजावते: तो बोलत का नाही, ते दर वेळी नीट बघा. न बोलणं तेच राहिलं, सबबी मात्र बदलत गेल्या.

सानशिरोच्या काळी मुलगे आणि मुली माध्यमिक शाळेत एकत्र शिकतच नव्हते. मुलग्यांची माध्यमिक शाळा वेगळी, मुलींची वेगळी. तरुणीशी बोलायचं कसं, याचा सराव व्हायला जागाच नव्हती. उलट वसतिगृहांत पोरांचे दोन तट असत. मोरी ओगाईंच्या १९०९ मधल्या ‘विता सेक्स्युआलिस’मध्ये ते येतात: ‘कोहा’ म्हणजे कडक गट, बायकांच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा, आणि ‘नाम्पा’ म्हणजे नटवा, मऊ गट. (ज्या मासिकात ते छापलं, त्याच्या त्या अंकावर सरकारनं बंदी घातली.) मुलींपासून लांब राहण्यात कडक गटाला मर्दुमकी वाटे. आपल्या नायकाच्या आईकडून सानशिरोचा बुजरेपणा आला म्हणावं, तर बापाकडून हा ताठा आला.

मार्च १९४७ च्या शिक्षण कायद्यानं सहशिक्षणाला मान्यता दिली, आणि पुढच्या काही वर्षांत बऱ्याच सरकारी शाळांत मुलगे-मुली एका वर्गात बसू लागले. बूट ठेवायचे कप्पे, गच्ची, संध्याकाळी क्लबच्या खोल्या, वर्षातून एकदा होणारा सांस्कृतिक महोत्सव: पुढे हजारो गोष्टींचं नेपथ्य झालेली ही सामग्री तयार झाली. तिच्याबरोबर एक रिवाजही रुजला, ‘कोकुहाकु’. मला तू आवडतेस, आपण जोडीनं राहू या, असं समोर उभं राहून स्पष्ट सांगायचं. तसं सांगितलं की जोडी जमली. त्याआधी कितीही एकत्र फिरलात तरी ते मोजत नाहीत. व्हॅलेंटाइनच्या दिवशी चॉकलेट मुली देतात, म्हणजे निदान एका दिवशी पुढाकार त्यांचा. एरवी वाक्य कुणी उच्चारायचं, हा प्रश्न दोघांच्या मध्ये लोंबकळत असतो. आपल्या नायकाची सगळी कमाई या लोंबकळण्यावर आहे.

सत्तरच्या दशकापर्यंत मुलग्यांच्या चित्रकथांच्या साप्ताहिकांत कडक गटाची सरशी होती. ‘शोनेन मॅगझिन’ आणि ‘शोनेन संडे’ ही दोन्ही साप्ताहिकं मार्च १९५९ मध्ये एकाच दिवशी बाजारात आली. त्यांत मुष्टियुद्ध, बेसबॉल, मारामाऱ्या. १९७३ मध्ये ‘मॅगझिन’मध्ये सुरू झालेल्या ‘आई तो माकोतो’तला माकोतो श्रीमंत घरच्या मुलीचं प्रेम झिडकारत राहतो, कपाळावर जखमेचा व्रण घेऊन. त्या झिडकारण्यात रक्त होतं, अश्रू होते, हसू मात्र नावालाही नव्हतं.

१९७८ मध्ये वारं फिरलं. त्याच ‘मॅगझिन’मध्ये यानागिसावा किमिओंची ‘तोन्दा कपल’ आली: घरं भाड्यानं देणाऱ्या एजंटाच्या चुकीमुळे शाळकरी मुलगा आणि मुलगी एकाच घरात राहायला येतात. आणि ‘संडे’मध्ये ताकाहाशी रुमिकोंची ‘उरुसेई यात्सुरा’ सुरू झाली. तिचा नायक आतारु दिसेल त्या मुलीच्या मागे लागतो. म्हणजे आढेवेढे घेणारा मुळीच नाही. फक्त परग्रहावरून त्याच्या घरात येऊन राहिलेल्या शिंगवाल्या लामला ‘तू आवडतेस’ एवढं तो सांगत नाही. १९८७ मध्ये मालिका संपताना दोघांची शिवाशिवी लागते. पृथ्वी वाचवायची तर त्यानं लामची शिंगं धरायची, आणि लाम म्हणते, आवडते म्हण, मग धरू देईन. गडी दिवसामागून दिवस धावतो, धडपडतो, पण तोंड उघडत नाही. शेवटी लामला दिसतं की तिची आधी गळून पडलेली शिंगं त्यानं मुठीत घट्ट धरून ठेवली आहेत. मग ती हरते. एकदा तरी सांग म्हटल्यावर आतारु म्हणतो, मरायच्या वेळी सांगेन. नऊ वर्षांच्या मालिकेचा शेवट या टोलवाटोलवीवर झाला आणि वाचकांनी तो डोक्यावर घेतला, कारण मुठीतली शिंगं सगळ्यांनी पाहिली होती.

घोंगडं एवढं भिजत ठेवण्यामागे धंद्याचं गणित होतं. साप्ताहिकाला दर आठवड्याला प्रकरण लागतं, आणि प्रेमकथेत नायक बोलला की गोष्ट संपली, अशी संपादकांची धारणा. ‘शोनेन जंप’ या तशाच साप्ताहिकात वाचकांची प्रश्नावलीची कार्डं येत, पसंती घसरली की मालिका गुंडाळली जाई, वाढली की लांबवली जाई. या ‘जंप’चा खप १९९५ च्या सुरुवातीला एका अंकाला ६५ लाख ३० हजारांवर गेला होता. अशा ठिकाणी नायकाला बोलू देणं म्हणजे दुभत्या गायीला बाजार दाखवणं. मग सबब शोधणं हे लेखकाचं काम.

‘जंप’मध्येच १९८४ ते १९८७ या काळात चाललेल्या मात्सुमोतो इझुमींच्या ‘किमागुरे ऑरेंज रोड’ची सुरुवात बघा. क्योसुके पायऱ्या मोजत मोठा जिना चढतो. वरच्या टोकाला मादोका भेटते. तो म्हणतो शंभर, ती म्हणते नव्याण्णव. दोघांची तडजोड साडेनव्याण्णववर होते. या मुलात अतिमानवी शक्ती आहे, क्षणात इथून तिथं जातो. पण दोन मुलींपैकी कुणाला काय सांगायचं, हे त्याला शेवटापर्यंत ठरवता येत नाही. पहिल्याच भेटीत त्याचा स्वभाव आकड्यात मांडून ठेवलाय. सबब होती: कुणाचंच मन मोडायचं नाही.

१९९४ मध्ये कोनामी कंपनीनं ‘तोकिमेकी मेमोरियल’ हा गेम आणला. खेळणाऱ्यानं शाळेची तीन वर्षं काढायची: अभ्यास, व्यायाम, रविवारच्या भेटी. पदवीदानाच्या दिवशी जुन्या झाडाखाली मुलगी येऊन मनातलं सांगते. नायकानं तोंड उघडायचं काम कंपनीनंच काढून टाकलं! गंमत म्हणजे एखाद्या मुलीकडे फार दुर्लक्ष केलं तर तिच्या नावापुढे बॉम्बचं चिन्ह येतं. तो फुटला की गावभर बोभाटा होऊन बाकीच्या मुलींचंही मन विटतं. म्हणून सगळ्यांशी थोडं थोडं गोड राहायचं. ‘किमागुरे’तला गुळमुळीतपणा इथं खेळाचा नियमच झाला. या खेळावर वाढलेल्या पिढीला नायक हा रिकामा साचा म्हणून चालत होता. त्यात आपण बसायचं.

त्या साच्याला वाचा फुटली ती लाइट नॉव्हेल या तरुणांसाठीच्या कादंबऱ्यांमध्ये. २००३ मध्ये तानिगावा नागारूंच्या ‘सुझुमिया हारुही’ मालिकेचं पहिलं पुस्तक आलं. निवेदन क्योनचं, त्याचं खरं नाव पुस्तक सांगतच नाही. शाळेचा चढ चढताना कुरकुर, हारुहीनं ओढून नेलं की कुरकुर. मी वर्गात त्याची एखादी पानभर तक्रार वाचायला देते. मुलं अवतरणचिन्हं शोधत बसतात, कारण क्योन मनात बोलला की मोठ्यानं, हे अनेकदा कळत नाही. समोरचा उत्तर देतो तेव्हा लक्षात येतं. अनिच्छा आता लकब झाली, आणि वाचनीय झाली.

त्याआधी दोन वर्षं योनेझावा होनोबूंचा ओरेकी आला होता. ऊर्जा वाचवायची, हे त्याचं तत्त्व: जे केल्यावाचून चालेल ते करायचं नाही. त्याच्या गोष्टींचं गाव गिफू प्रांतातल्या ताकायामावर बेतलेलं आहे. ताकायामात ३ एप्रिलला मिनाशी देवळातून जिवंत बाहुल्यांची मिरवणूक निघते. तशीच एक मिरवणूक एका कथेत येते. त्याच्या शाळेतली चितांदा राजबाहुलीच्या वेषात चालते आहे आणि ओरेकी मागून तिच्यावर छत्री धरून. संध्याकाळी ती सांगते, मी इथंच राहणार, माझं गाव हेच. तिच्या कारभाराचा अर्धा भार आपण उचलू, हे वाक्य त्याच्या मनात तयार होतं, ओठांपर्यंत येतं, आणि तो हवेतल्या गारठ्याबद्दल काहीतरी बोलतो. आळस ही सबब होती, हे त्यालाच तिथं कळतं. आयुष्यभराचं वचन द्यायला जीव घाबरला, एवढंच.

२०११ मधल्या वातारी वातारूंच्या हाचिमाननं तर न बोलण्याचं शास्त्र मांडलं. चिबा शहरातला हा मुलगा कंडेन्स्ड दूध घातलेली मॅक्स कॉफी पीत तारुण्य हे कसं थोतांड आहे ते सिद्ध करतो. शिक्षिका त्याला शिक्षा म्हणून क्लबात घालतात. चौदाव्या खंडात, २०१९ साली, तो पुलावर उभा राहून क्लबातल्या युकिनोशी बोलतो. तिथंही ‘आवडतेस’ हा सरळ शब्द टाळून लांबलचक, अडखळत. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात उभी हयात गेलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार?

याच सुमारास नायक बोलला की गोष्ट संपते, ही संपादकांची जुनी धारणाही खोटी ठरली. मुलींच्या ‘बेस्सात्सु मार्गारेट’मधली ‘ओरे मोनोगातारी’ सुरू झाली. धिप्पाड ताकेओ आणि यामातो सुरुवातीलाच एकमेकांना सांगून मोकळे होतात, आणि गोष्ट पुढे तेरा खंड चालते. २०१८ मध्ये ‘संडे’तल्या ‘तोनिकाकु कावाई’त तर लग्नच आधी उरकलं. म्हणजे सांगून टाकल्यानं मालिका मरत नाही. घोंगडं भिजत ठेवायची सक्ती संपली. तरी वर्गातली पोरं हाचिमानचीच पुस्तकं मागतात. सहशिक्षण जुनं झालं, प्रश्नावलीच्या कार्डांचा धाकही त्यांना नाही. समोरचा ‘नाही’ म्हणेल ही धास्ती मात्र कुठल्या कायद्यानं किंवा संपादकानं घातलेली नव्हती. सोसेकींनी ती चादरीच्या गुंडाळीत दाखवली, ओगाईंच्या कडक गटानं तिला शौर्य म्हटलं, हाचिमाननं तत्त्वज्ञान. आमच्या वर्गात सध्या तिला ‘मला इंटरेस्टच नाही, सेन्सेई’ म्हणतात.