हळद पाण्यात विरघळेल का?

भिवंडीहून ठाण्याकडे येताना राहनाळ-पूर्णा पट्टा लागतो. जिकडे बघाल तिकडे गोदामंच गोदामं. इथल्या केमिकलच्या गोदामांना लागलेल्या आगी आपण वर्षानुवर्षं टीव्हीवर बघतो आणि दर वेळी घरात कोणीतरी विचारतंच, "एवढं पाणी मारतायत, मग विझत कशी नाही?"

मी पडलो कॉम्प्युटरवाला. केमिस्ट्री बारावीनंतर सुटली ती सुटलीच. पण या प्रश्नाच्या मागे लागलो आणि पोचलो थेट माटुंग्याला, तेही हळद-मिरीच्या वाटेने!

आधी आगीचं बघू. हेक्झेन पाण्याहून हलकं आणि पाण्यात न मिसळणारं. पाणी मारलं की ते खाली जातं, हेक्झेन वर तरंगत जळत राहतं आणि पाण्याबरोबर वाहत शेजारच्या गाळ्यात शिरतं. एथिलीन डायक्लोराइडही मिसळत नाही, पण ते जड, तळाशी जातं. ॲसिटोन मात्र पाण्याशी बिनतक्रार एकजीव होतं. म्हणून त्याच्यावर साधा फेस टिकत नाही. फेसातलं पाणीच ते ओढून घेतं. त्याला वेगळा फेस लागतो. आता आत काय भरलंय हे बंबवाल्यांना ठाऊकच नसेल तर...

असो. हीच नावं मसाल्यांचा अर्क काढण्याच्या धंद्यातही भेटतात. हळदीतलं कर्क्युमिन आणि मिरीतलं पिपरिन पाण्याला जवळजवळ दाद देत नाहीत. (हळद फोडणीच्या तेलात का घालतात, आलं लक्षात?) म्हणून मग असले सॉल्व्हंट.

पण पाण्यालाच कामाला लावलं तर? १९१६ साली बर्लिनच्या कार्ल नॉयबर्ग यांनी दाखवलं की सोडियम बेंझोएटसारखे क्षार पाण्यात भरपूर घातले, की एरवी न विरघळणारे सेंद्रिय पदार्थही विरघळतात. या प्रकाराला त्यांनी 'हायड्रोट्रॉपी' म्हटलं. साबणाचा भाऊच म्हणा, फक्त साबण चिमूटभर पुरतो, इथे मुठीने लागतं. नॉयबर्ग ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांचं संचालकपद गेलं, देश सोडावा लागला; १९५६ मध्ये ते न्यूयॉर्कला वारले.

ऐंशीच्या दशकात माटुंग्याच्या यूडीसीटीत (आताची आयसीटी) प्रा. मनमोहन शर्मा आणि विलास गायकर यांनी हा धागा उचलला. पुढे गायकरांच्या गटाने २००२ मध्ये मिरीतून पिपरिन आणि २००३ मध्ये हळदीतून कर्क्युमिनॉइड अशा क्षाराच्या पाण्याने काढल्याचे शोधनिबंध प्रसिद्ध केले.

मला सगळ्यात आवडला तो पुढचा भाग. पाण्यात उतरलेलं पिपरिन परत मिळवायचं कसं? तर अजून पाणी ओतायचं! क्षार पातळ झाला की पिपरिनचं पाण्याशी पुन्हा बिनसतं आणि ते स्फटिक होऊन खाली बसतं. आमच्या भाषेत 'अन्डू'चं बटण.

मग हे सगळीकडे का नाही? पातळ झालेलं पाणी पुन्हा वापरायचं तर आटवायला हवं. एक किलो हेक्झेनची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साडेसहापट एक किलो पाण्याला लागते. त्यामुळे कारखानदार हेक्झेन सहजासहजी सोडत नाही, आणि त्याचे ड्रम कुठल्यातरी गोदामात ठेवावेच लागतात.