खाड्याची भरपाई

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर, लँकेशायर, कंबरलंड या परगण्यांत रग्बी खेळत होते कोण? खाणीत उतरणारे, गिरणीत राबणारे, गोदीवर ओझी वाहणारे. शनिवारचे काम टाकून परगावी सामन्यास गेले की रोज बुडे. आपल्याकडे गिरणगावात ज्याला खाडा म्हणत, तोच हा. या खाड्याची भरपाई क्लबाने करून द्यावी, एवढेच यॉर्कशायरच्या क्लबांनी १८९३ साली लंडनच्या सभेत मागितले. २८२ विरुद्ध १३६ मतांनी मागणी फेटाळली गेली. खेळ हा खेळासाठी खेळावा, हे तत्त्व पुढे आले. ज्यांची चूल पगारावर अवलंबून नव्हती, त्यांना ते तत्त्व पाळण्यास काही पडत नव्हते.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात क्लब जमले, जुन्या संस्थेतून फुटले आणि 'नॉर्दर्न युनियन' निघाली. हीच आजची रग्बी लीग. खाड्याची भरपाई ठरली दिवसाला सहा शिलिंग. नाव युनियन, पण ही संघटना क्लबचालकांची, खेळाडूंची नव्हे. १८९८ साली उघड मोबदला मान्य झाला, तोही अट घालून: खेळाडूने दुसरी नेमाची नोकरी केलीच पाहिजे, आणि ती दारूच्या गुत्त्यातली असता कामा नये! ही अट कित्येक वर्षे टिकली.

या खेळात धावून गुण मिळविणाऱ्याचे नाव होते. फॉरवर्ड म्हणजे ओझ्याचा गडी. १९०६ साली संघ पंधराचा तेरांवर आला, तेव्हा कमी केले ते दोन फॉरवर्डच. उरलेल्या सहांनी माना खाली घालून, खांद्याला खांदा भिडवून समोरच्या सहांना रेटायचे. अशांपैकी एक डग्लस क्लार्क. जन्म १८९१, कंबरलंडातील मेरीपोर्टजवळचा. कोळशाच्या धंद्यात अंग कसलेला आणि तिकडच्या पद्धतीच्या कुस्तीत तरबेज. १९०९ साली तो हडर्सफील्डकडे आला. त्या संघाने १९१४-१५ च्या हंगामात चारही करंडक जिंकले. चषकाच्या अंतिम सामन्यात सेंट हेलेन्सचा ३७-३ असा फडशा पडला. त्या दिवशी सेंट हेलेन्सच्या खेळाडूंना जादा पैसे नाकारले गेले होते आणि मैदानात उतरावे की नाही यावर त्यांच्यात आधी वाद झाला होता. करंडकांच्या यादीपेक्षा आम्हांस हीच हकीकत अधिक बोलकी वाटते.

क्लार्कची खरी कसोटी त्याआधीची. १९१४ साली नॉर्दर्न युनियनचा संघ ऑस्ट्रेलियात होता. २७ जून, २९ जून आणि ४ जुलै, असे तीन कसोटी सामने आठ दिवसांत खेळविले गेले. संघ जखमी होता. तरी इंग्लंडहून हुकूम आला, खेळा. सिडनीच्या तिसऱ्या सामन्यात क्लार्कचा अंगठा मोडला. तो बांधून घेऊन तो खेळत राहिला. मग गळपट्टीचे हाड गेले. खांदा बांधून तो परत उतरू पाहत होता, पण अंगच उचलेना. बदली गडी घेण्याची सोय त्या काळी नव्हती. उत्तरार्धात काही वेळ त्यांचे दहाच गडी उरले, आणि तरीही हॅरोल्ड वॅगस्टाफच्या संघाने १४-६ असा सामना मारला. पुढे त्याला 'रोर्क्स ड्रिफ्ट'ची कसोटी म्हणू लागले. मूठभर सैनिकांनी दक्षिण आफ्रिकेत लढविलेल्या एका ठाण्याचे ते नाव. शौर्याचे गोडवे पुष्कळ झाले; आठ दिवसांत तीन सामने कोणी ठरविले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

महायुद्धात क्लार्क लष्कराच्या मोटारी चालवीत होता. १९१७ साली पॅशेन्डेल येथे तो जखमी झाला, विषारी वायूही छातीत गेला. मिलिटरी मेडल मिळाले, आणि घरी पाठविताना अपंगत्वाचा दाखला मिळाला पंचाण्णव टक्क्यांचा.

नुकसानभरपाईच्या दाव्यांत असे टक्के ठरताना आम्ही कितीदा तरी बसलो आहो. एका बोटाच्या टक्क्यांसाठी दोन-दोन तास घासाघीस चालते. पंचाण्णव टक्के लिहून दिलेला माणूस पुन्हा फळीत मान घालतो, याचे कौतुक वाटते आणि धाकही वाटतो. असली उदाहरणे मालकाचा वकील फार लवकर पाठ करतो.

क्लार्क १९२० साली पुन्हा ऑस्ट्रेलियाच्या जहाजात बसला, कसोटी सामने खेळला, आणि हडर्सफील्डसाठी १९२९ पर्यंत खेळत राहिला. त्यानंतर पोटासाठी तो धंदेवाईक कुस्त्या धरू लागला. तेव्हा त्याचे वय चाळिशीकडे झुकले होते.