पानाला रंग चढतो कसा?

ऑक्टोबर आला की आपण न्यू जर्सीकर मुलाबाळांना घेऊन रंगीत पानं बघायला निघतोच. गेल्या वर्षी माझ्या लेकीने कॉम्प्युटरवर मेपल काढला. लाल, केशरी, पिवळा, सगळे रंग होते, पण झाड खोटं वाटत होतं. "बाबा, चुकलं कुठे?" मी आयटीतला माणूस, पण मला उत्तर येईना. म्हणून जरा इतिहास चाळला.

सुरुवात रंगापासून नव्हे, आकारापासून झाली. १९६८ साली आरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञाने शेवाळासारख्या साध्या जीवांची वाढ नियमांत मांडली. पुढे तसेच नियम वापरून कॉम्प्युटरवर झाडं वाढू लागली. १९८४ साली लुकासफिल्मच्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ आंद्रे अँड वॉली बी.' या दोन मिनिटांच्या आतल्या फिल्मसाठी बिल रीव्ह्ज यांनी अख्खं जंगल उभं केलं. एकेक पान रेखाटत न बसता असंख्य बारीक कणांतून! पुढच्याच वर्षी जूल्स ब्लूमेन्थल यांचा खास मेपलवरचा शोधनिबंध आला.

आकार जमला, तरी शरदातला रंग अवघडच. कारण तो वरून फासलेला नसतो. हरितद्रव्य ओसरतं तेव्हा पानात आधीपासून असलेला पिवळा उघडा पडतो. लाल मात्र नव्याने तयार होतो, आणि त्याला ऊन आणि साखर लागते. म्हणून उन्हातली पानं जास्त लाल होतात, सावलीतली बरेचदा पिवळीच राहतात. १९९६ साली जपानच्या नोरिशिगे चिबा आणि सहकाऱ्यांनी पानांची मांडणी आणि शरदातले रंग यांचा एकत्रच अभ्यास मांडला, तो उगाच नव्हे.

लेकीची चूक इथेच होती. तिच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पानाचा रंग जणू फासे टाकून ठरत होता. आम्ही आधी सूर्य कुठे आहे ते ठरवलं. उन्हाच्या बाजूला लाल, आत पिवळा, अगदी आत थोडा हिरवा. झाड एकदम खरं वाटायला लागलं.

तो लाल रंग म्हणजे अँथोसायनिन. आपल्याकडे आंब्याची कोवळी पालवी तांबूस दिसते, तीही त्याच्यामुळेच. तिकडे पान जन्मताना लाल, इकडे निरोप घेताना! लेकीला हे सांगितलं, तर म्हणाली, "मग आता आंबा काढू."

तर मंडळी, या रविवारी मुलांना घेऊन बाहेर पडा. फोटो नंतर काढा. आधी ऊन कुठून येतंय ते बघा.