फेसाचें आयुष्य

आयुष्याची क्षणभंगुरता सांगावयाची झाली म्हणजे आपल्याकडे संतांपासून कीर्तनकारांपर्यंत सर्वांना पाण्यावरचा बुडबुडा आठवतो. दृष्टांत समर्पक आहे, यांत शंका नाहीं. परंतु बुडबुड्याला दीर्घायुषी करण्याची युक्ति विसाव्या शतकाच्या प्रारंभींच छापून प्रसिद्ध झाली होती. आणि तिचा एक मोठा उपयोग हातीं येण्यास त्यापुढें शंभर वर्षें लागलीं. त्या विलंबाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

फेस मरतो तो तीन कारणांनीं. बुडबुड्यांमधील पाणी खालीं निथळतें; पातळ झालेला पडदा फाटून दोन बुडबुडे एक होतात; आणि लहान बुडबुड्यांत दाब अधिक असल्यामुळें त्यांतील हवा झिरपून मोठ्यांत जाते. लहान नाहींसे होतात, मोठे फुगतात. सावकार आणि कुळें यांचीच ही गोष्ट! साबण पडद्याला आधार देतो खरा, पण त्याचे रेणु पृष्ठभागावर सारखे ये-जा करीत असतात. म्हणून तो आधार तात्पुरताच ठरतो.

१९०३ सालीं ऑक्सफर्ड येथील वॉल्टर रॅम्सडेन यांचा एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वृत्तांतांत प्रसिद्ध झाला. द्रवाच्या पृष्ठभागीं घन पदार्थांचा पापुद्रा जमतो आणि त्याच्या योगानें बुडबुडे व तेलाचे थेंब टिकून राहतात, असें त्यांनीं दाखविलें. पुढें १९०७ सालीं स्पेन्सर पिकरिंग यांनीं, फळझाडांवर फवारावयाच्या औषधांच्या निमित्तानें, तेल व पाणी यांच्या मिश्रणांत हाच प्रकार तपासला. अशा मिश्रणांना आज नांव आहे तें पिकरिंग यांचें. रॅम्सडेन मागें पडले.

यांतील मर्म घरींही पाहतां येईल. मिऱ्याची पूड पाण्यावर भुरभुरली तर ती तरंगत राहते; तिचा कण पुरता भिजत नाहीं, पुरता कोरडाही राहत नाहीं. असा अर्धवट भिजणारा सूक्ष्म कण हवा व पाणी यांच्या सीमेवर एकदां बसला, कीं त्याला तेथून हलविण्यास साबणाच्या रेणूपेक्षां हजारों पटींनीं अधिक शक्ति लागते. अशा कणांची दाट फळी भोंवतीं उभी राहिली म्हणजे बुडबुडा फुटत नाहीं आणि आक्रसतही नाहीं.

त्याच सुमारास खाणवाल्यांना कण व बुडबुडा यांची ही मैत्री निराळ्या वाटेनें सांपडली. ऑस्ट्रेलियांतील ब्रोकन हिल येथें शिसें व चांदी काढून घेतल्यावर जस्तयुक्त भुकटीचे ढीग पडून राहिले होते. अशी भुकटी पाण्यांत किंचित् तेल घालून घुसळली, म्हणजे धातुयुक्त कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात व रेताड गाळ तळाशीं राहतो. १९०५ सालीं सुलमन, पिकार्ड व बॅलट यांनीं इंग्लंडांत या कृतीचें पेटंट घेतलें. येथें फेस हा नुसता हमाल होता. माल वर आणून टाकला कीं त्यानें फुटावें, हीच अपेक्षा. फार टिकाऊ फेस ही खाणवाल्याची डोकेदुखीच होती.

भट्टीवाल्यांना मात्र टिकाऊ फेसच हवा होता. धातूंचा रस गाळण्यास किंवा भट्टीची उष्णता कोंडून ठेवण्यास हलका, सच्छिद्र आणि आगींत टिकणारा पदार्थ लागतो. जुना उपाय म्हणजे मातींत लाकडाचा भुसा मिसळून भाजणें. भुसा जळतो, भोंकें उरतात. १९६३ सालीं अमेरिकेंत दुसऱ्या रीतीचें पेटंट मिळालें. तींत स्पंज पातळ लगद्यांत बुचकळून भाजावयाचा असे. पण स्पंज जळाल्यावर त्याच्या जागीं पोकळ, चिरा पडलेल्या काड्या राहत व वस्तु नाजूक होई. लगद्याचाच फेस करावा, तर तो घट्ट होण्यापूर्वीं खचे.

ही कोंडी फोडणारे प्रयोग २००६ सालीं झुरिक येथील तंत्रविद्यापीठांतून प्रसिद्ध झाले. ज्या कणांची वस्तु घडवावयाची, तेच कण बुडबुड्याचे पहारेकरी कां नेमूं नयेत, असा गोन्झेनबाख, स्टुडार्ट, टेर्वूर्ट व गाउक्लर यांचा विचार होता. ॲल्युमिनाचे कण स्वभावतः पाण्यांत पुरते भिजतात. म्हणून त्यांना आखूड कर्बसाखळीच्या आम्लाचा लेप दिला. रेणूचें एक टोंक कणाला चिकटतें, दुसरें पाण्याला दूर सारतें. लेप बेताचाच, मिऱ्याच्या पुडीसारखें अर्धवट भिजण्यापुरता. हा लगदा घुसळतांच दाट फेस झाला व तो दिवसचे दिवस टिकला. वाळवून १५०० अंशांहून अधिक उष्णतेंत भाजल्यावर जो कठीण पदार्थ मिळाला, त्यांत दहांपैकीं सुमारें नऊ भागांपर्यंत नुसती पोकळी ठेवतां येते. या पोकळ्या बहुधा बंद असतात, म्हणून उष्णता अडविण्यास तो उत्तम. गाळणीसाठीं मात्र त्या एकमेकींत उघडाव्या लागतात.

रॅम्सडेन यांचा निबंध कधींच गुप्त नव्हता. तो ग्रंथालयांत होता, आणि कणांनीं सांवरलेला फेस खाणींवर रोज डोळ्यांसमोर होता. पण खाणवाल्याची अडचण तीच भट्टीवाल्याची गरज आहे, हें दोघांना समोरासमोर बसवून सांगणारें कोणी नव्हतें. ज्ञानाच्या अभावीं जसें नुकसान होतें, तसेंच तें शेजारच्या धंद्यांत पडून राहिल्यानेंही होतें. आपल्याकडे विद्यालयें व कारखाने वाढत असतां, एका विद्येच्या माणसानें दुसरीच्या दुकानांत अधूनमधून डोकावावें, एवढी शिकवण या फेसापासून घेण्यास हरकत नाहीं.