चोखोबांच्या समाधीपुढे

आषाढीला नामदेव पायरीपाशी पोचल्यावर रेटारेटी एवढी असते, की समोरच्या चोखोबांच्या समाधीकडे नीट बघायलाही सवड मिळत नाही. हात लावायचा, कपाळाला न्यायचा, पुढं सरकायचं. पण माउली, ती समाधी दाराबाहेर का, हे आपल्या पोरासोरांना कधीतरी सांगितलं पाहिजे.

चोखोबा मंगळवेढ्याचे. जातीने महार, म्हणून देव बघायचा तो बाहेरूनच. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर तेही खाली गेले. साल 1338 धरतात. अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं, त्यावरून नामदेवरायांनी त्या ओळखल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असं परंपरा सांगते. सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा, सगळं घरच अभंग रचणारं. ते अभंग कीर्तनात रंगले, बुवांनी निरूपण केलं, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. दार मात्र सहाशे वर्षं उघडलं नाही. शब्द आत घेतला, बोलणारा बाहेर ठेवला!

मागणारे नव्हते असं नाही. 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसं आली, लाठ्या-दगड खाल्ले. पाचेक वर्षं चालला. दार बंदच. शेवटी बाबासाहेबांनीच ती वाट सोडली.

पंढरीचं दार उघडलं ते 1947 मध्ये. साने गुरुजींनी आधी गावोगाव हिंडून लोकांना समजावलं, मग 1 मेपासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. सनातनी मंडळींचा विरोध कडवा. 10 मेला मंदिर सर्वांना खुलं करायचं ठरलं आणि उपोषण सुटलं. गुरुजींनी जीव पणाला लावला होता, त्यात काडीचं उणं काढायचं नाही. तरी मनात येतंच. जे बाहेर उभे होते ते पिढ्यान्‌पिढ्या हेच म्हणत होते. ऐकू आलं ते ब्राह्मणाघरी जन्मलेल्या मास्तरांनी अन्न सोडलं तेव्हा.

आपली दिंडी निघाली तेव्हाही हे दार बंद होतं. पहिली वीसेक वर्षं तरी काही जण चोखोबांपुढं हात जोडून, कळसाकडे बघून माघारी फिरले असणार. या स्मरणिकेसाठी जुन्या वह्या चाळल्या. विणेकरी, चोपदार, पंगत देणारे, सगळ्यांची नावं सापडली. दारातून परतलेल्यांचं एकही नाव कुठल्या पानावर नाही.