पंगतीतलं बोलणं

मी अंबरनाथ एमआयडीसी भागातल्या बचत गटांची सहयोगिनी. आज हिशोबाच्या वहीबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय एका जेवणाबद्दल, आणि त्या जेवणामागच्या शंभर वर्षांच्या गोष्टीबद्दल.

गेल्या थंडीत आमच्या सात गटांनी मिळून एक पंगत घातली. लग्न नव्हतं, बारसं नव्हतं. शंभर रुपयांचं एक कुपन, कुपनावर एक ताट. आगरी घरातल्या बायकांनी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. मराठवाड्यातून इकडे कामाला आलेल्या मैत्रिणींनी पिठलं आणि ठेचा केला. उल्हासनगरहून येणाऱ्या दोन सिंधी मैत्रिणींनी दाल-पकवान आणलं. कंपन्यांची पाळी सुटली तशी माणसं येत गेली आणि रात्री दहापर्यंत पंगती उठत होत्या.

पैसे गोळा करायचे होते आमच्याच गटातल्या एका ताईसाठी. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला होता. काही जणींनी विचारलं, सरकारी योजनेत उपचार होतात, मग पैसे कशाला? प्रश्न बरोबर होता. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून औषधपाण्याचा मोठा भार उचलला जातो. पण आजाराच्या भोवतीचा खर्च कोणत्याही योजनेच्या कागदावर नसतो. रोज लोकलने सव्वा तास जायचं, तेवढंच यायचं. सोबत कोणीतरी हवंच. सोबत येणाऱ्या नवऱ्याचा कंपनीत खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. दोघांचं बाहेरचं खाणं. घरी मुलांना कोणी बघायचं? हे सगळं मिळून घर खचतं. आमचं ताट होतं ते यासाठी.

पण त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली, तिच्यासाठीच मी आज बोलायला बसले आहे. जेवणं उरकल्यावर मोरीपाशी भांडी घासताना एक मैत्रीण हळूच म्हणाली, "ताई, मलाही मधेच रक्त जातं. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, तरी." तिच्या शेजारची म्हणाली, "मला अंगावरून पांढरं जातं, वास येतो. मी म्हटलं, उष्णता असेल." पंधरा वर्षं एका वस्तीत राहणाऱ्या, दर महिन्याला गटाच्या बैठकीला येणाऱ्या बायका. हे कधी बोलल्या नव्हत्या. जिच्यासाठी पंगत होती, तिनेही आठ महिने दुखणं अंगावर काढलं होतं.

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. आपल्याकडे कर्करोगावरचे उपचार कसे सुरू झाले, ते मी पुन्हा वाचायला घेतलं. त्यात पैशाची गोष्ट आहे, अन्नाची आहे आणि बोलण्याचीही आहे.

सुरुवात एका बाईच्या मरणापासून होते. मेहेरबाई टाटा, जन्म १८७९. साडी नेसून टेनिस खेळणारी, बायकांच्या मताधिकारासाठी बोलणारी, बालविवाहाविरुद्धच्या शारदा कायद्याच्या बाजूने उभी राहिलेली ही बाई. १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशातल्या रुग्णालयात ती गेली. नवरा सर दोराबजी टाटा. त्यांनी आपली सगळी मालमत्ता, बायकोच्या दागिन्यांसकट, ट्रस्टच्या नावे केली आणि पुढच्याच वर्षी तेही गेले. मेहेरबाईंचा एक मोठा हिरा होता, तोही पुढे विकला गेला. त्या ट्रस्टच्या पैशातून परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडलं. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे.

हिऱ्याच्या पैशातून इमारत झाली. पण इमारतीत खाटेवर पेशंट झोपतो, त्याच्यासोबत आलेला माणूस कुठे झोपतो? खेड्यातून आलेला बाप मुंबईत काय खातो? या प्रश्नाचं उत्तर हिऱ्याकडे नव्हतं. ते गाडगेबाबांच्या वाटेने आलं.

गाडगेबाबा सकाळी खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हे आपण शाळेत शिकलो. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, असं ते कीर्तनातून बजावायचे. ताट नसलं तर हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शिकवा, हे त्यांचं सांगणं. दिखाव्याच्या जेवणावळीला विरोध करणाऱ्या याच माणसाने भुकेल्यांना मात्र जन्मभर जेवू घातलं, आणि लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा बांधून घेतल्या. १९५६ साली बाबा गेले. त्यांच्या नावाच्या मिशनची धर्मशाळा दादरला आहे. टाटा रुग्णालयात येणारे दूरदूरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे अगदी थोड्या पैशांत राहतात. टाटा रुग्णालयाच्या परिसरात पेशंटांना आणि नातेवाइकांना जेवण देणाऱ्या जीवनज्योतसारख्या संस्थाही आहेत. जेवण ही उपचारात मोडणारी गोष्ट आहे, हे त्या रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

परळ म्हणजे गिरणगावही. त्याच भागात गिरणी कामगारांना डबे आणि जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. त्या सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असायच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बाईच्या हातच्या ताटाची किंमत तेव्हा बँकेने मान्य केली. आपण कुपनावर ताट विकतो तेव्हा याच बायकांच्या मागून चालत असतो.

आता परळहून बार्शीला जाऊ. सोलापूर जिल्ह्यातला हा तालुका. मुंबईतलं रुग्णालय कितीही मोठं असलं तरी बार्शीच्या शेतमजूर बाईला ते लांबच. तिथे डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागासाठी कर्करोगाचं काम उभं राहिलं. अभिनेत्री नर्गिस दत्त १९८१ साली कर्करोगाने गेल्या. बार्शीच्या रुग्णालयाला त्यांचं नाव आहे.

१९८७ साली बार्शीत एक वेगळं काम सुरू झालं, कर्करोगाच्या नोंदणीचं. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कोणाला कर्करोग होतो, किती जणांना होतो, याची मोजदाद. खेड्यांसाठीची अशी ही देशातली पहिली नोंदणी. शहरात हे काम रुग्णालयाच्या कागदांवरून होतं. खेड्यात लोक रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हते, मग कागद कुठून असणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. बसून बोलले. कोणती लक्षणं दिसली तर तपासून घ्यायचं, ते सांगितलं.

मैत्रिणींनो, हा भाग नीट ऐका. हेतू नुसती मोजदाद करण्याचा होता. पण काही वर्षांतच असं दिसलं की गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या आहेत. नवीन यंत्र आलं नव्हतं, नवीन औषध आलं नव्हतं. कोणीतरी गावात जाऊन बोललं होतं, एवढंच.

लवकर येण्याला इतकं महत्त्व का? हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूची लागण बहुतेक बायकांच्या शरीरातून आपोआप निघून जाते. काही जणींच्यात ती टिकते आणि गर्भाशयाच्या मुखावर हळूहळू बदल होत जातात. कर्करोग व्हायला अनेक वर्षं लागतात. त्या वर्षांत कुठेही तपासणी झाली, तर बदललेला भाग काढता येतो आणि कर्करोग होण्याआधीच थांबतो. इतका वेळ देणारा कर्करोग विरळाच. तो वेळ आपण लाजेत घालवतो.

१९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गावांचे चार गट केले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या, एकेकदाच. चौथ्या गटात तपासणी नाही, नेहमीची आरोग्यसेवा आणि माहिती तेवढी. आठ वर्षांनी मोजलं. एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४ हजार बायकांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते. तपासणी न झालेल्या साडेएकतीस हजार बायकांच्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले.

हा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या देशांना एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती द्यायला सांगितलं. त्या सल्ल्यामागच्या पुराव्यात धाराशिवच्या शेतावर राबणाऱ्या बायकांचा मोठा वाटा आहे. मात्र त्या ६४ जणींबद्दलही बोललं पाहिजे. तपासणीचा फायदा होईल असं वाटत असताना एका गटाला तपासणीविना का ठेवलं, असा प्रश्न पुढे जाणकारांनी विचारला. तो विचारायलाच हवा होता. जगाला जे कळलं, त्याची किंमत कोणी मोजली, हे आपण बायकांनी तरी विसरू नये.

मुंबईच्या वस्त्यांतही टाटा रुग्णालयाने असाच मोठा अभ्यास केला. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना महिनाभर शिकवून तयार केलं. त्यांनी व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली, दोन-दोन वर्षांनी चार वेळा. २०१३ साली निकाल आला. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. तपासणाऱ्या मुली आपल्या गटात बसतात तशाच होत्या. याच पद्धतीची तपासणी आज ३० वर्षांवरच्या बायकांसाठी सरकारी कार्यक्रमात आहे. तोंड आणि स्तन यांचीही तपासणी त्यात आहे. दुखत नाही, काही मिनिटांत होते.

हे सगळं मी आमच्या पुढच्या बैठकीत सांगितलं. तेव्हा परांड्याकडून आलेली एक मैत्रीण म्हणाली, "आमच्या गावात तपासणीला बाया आल्या होत्या. आईने केली होती. मला कधी बोलली नाही." खोलीत थोडा वेळ कोणी काही बोललं नाही.

आमच्या त्या ताईबद्दल सांगायचं राहिलं. ती पावसाळ्यात गेली. उशीर झाला होता. पंगतीच्या पैशाने तिची ये-जा झाली, नवऱ्याचे खाडे भरून निघाले, मुलांची शाळा चुकली नाही. तेवढंच. दिवस झाल्यावर तिची सासू गटाकडे आली आणि पाकीट पुढे केलं. आत ११४० रुपये उरले होते. "हे दुसऱ्या कोणाला लागतील," म्हणाली.

त्या पाकिटातून आम्ही खाडा निधी सुरू केला. तपासणीला जाणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा रोज गट भरून देतो. कारण आमच्याकडे बायकांना लाज अडवते, तसा खाडाही अडवतो. पहिल्या खेपेला पाच जणी गेल्या. मोरीपाशी बोलणाऱ्या दोघी त्यात होत्या. एकीला पुढच्या तपासणीला पाठवलं, तिच्यावर वेळेत उपचार झाले. चौघींना काही निघालं नाही.

आता आम्ही वर्षातून एकदा पंगत घालतो. कुपनाच्या पैशाचे दोन भाग, एक आजारी बाईच्या ये-जा आणि जेवणासाठी, दुसरा खाडा निधीसाठी. हिशोब बैठकीत मोठ्याने वाचतो. वाढायला सुरुवात करण्याआधी आशाताई पाच मिनिटं बोलतात. पाळी सोडून मधेच रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, वास येणारं पांढरं पाणी, छातीत गाठ, तोंडात न भरणारी जखम. यातलं काही असेल तर अंगावर काढायचं नाही. पुरुषही ऐकत असतात. पहिल्या वर्षी ते माना खाली घालून बसले होते. या वर्षी एकाने बायकोसाठी तारीख विचारली.

तुमच्या गावात हिरा विकून रुग्णालय बांधणारं कोणी नसेल. भाकरी थापणाऱ्या बायका मात्र आहेत. पंगत घाला. आणि भांडी घासायची वेळ येईल तेव्हा लगेच घरी जाऊ नका. थोडा वेळ थांबा, कोणाला काही बोलायचं असेल.